मनाचा घाव आणि फोनवरचा इलाज

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘आघातोत्तर तणाव विकार आणि दूरस्थ मानसोपचार’ असा छापलाय. हे नाव वाचून निम्मे लोक चहाला उठून गेले असते तरी मला राग आला नसता. म्हणून आधी साध्या भाषेत सांगते. माणसाच्या जिवावर बेतावं असं काहीतरी घडतं. दंगल, पूर, अपघात, बलात्कार, घरातली मारहाण. ते घडून जातं, पण काही जणांच्या आत ते संपत नाही. या अवस्थेवर उपचार आहे आणि तो समोरासमोर न बसताही करता येतो. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात बसते, आणि माझ्या बऱ्याच पेशंटना मी आजवर प्रत्यक्ष भेटलेली नाही.

आपल्या मोहल्ल्यात या आजाराला नाव नाही असं नाही. उलट खूप नावं आहेत. ‘डर बैठ गया’, ‘असर हो गया’, ‘नजर लगी’, ‘दिल पे ले लिया’. मराठीत म्हणतात धास्ती बसली, धसका घेतला. डॉक्टर लोक पीटीएसडी म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत हे नाव १९८० साली आलं, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून. नाव नवं आहे, माणसाचं घाबरणं जुनंच आहे.

ओळखायचं कसं? मी पेशंटच्या बोलण्यातला काळ ऐकते. शाळेतल्या व्याकरणातला, भूतकाळ आणि वर्तमानकाळ. तुम्ही मला तुमच्या लग्नाची हकीकत सांगाल तेव्हा ‘झालं, आले, जेवलो’ असं सांगाल. ज्याच्या आत घटना संपलेली नाही तो सांगता सांगता मध्येच वर्तमानात शिरतो. ‘ते दार तोडतायत. मी पलंगाखाली आहे.’ त्याचं अंग घामेजतं, श्वास वाढतो. त्या आठवणीवर तारीखच पडलेली नसते. रॉकेलचा वास आला, पत्र्यावर पाऊस वाजला, दुचाकीचा ब्रेक करकचला, की ती आठवण उठते आणि अंगाला वाटतं आत्ताच होतंय. मग माणूस टाळायला लागतो. तो रस्ता टाळतो, तो विषय टाळतो, झोप टाळतो कारण झोपेत तेच दिसतं. सतत दाराकडे तोंड करून बसतो. चिडचिड करतो आणि घरच्यांना वाटतं, याचा स्वभावच बिघडला. हे सगळं महिन्याच्या वर टिकलं आणि रोजचं जगणं अडायला लागलं, की आम्ही त्याला आजार म्हणतो.

पण लगेच एक सांगायला हवं, नाहीतर आज संध्याकाळी घरी जाऊन तुम्ही सगळ्या खानदानाला पेशंट ठरवाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या जवळपास ७० टक्के लोकांवर आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो, आणि त्यांच्यातल्या ५.६ टक्के लोकांनाच पुढे हा आजार होतो. म्हणजे बहुतेक माणसं सावरतात. आपल्या माणसांमुळे, कामामुळे, नमाजमुळे, वेळ गेल्यामुळे. घटना घडल्या घडल्या कुणाला पकडून ‘सांग, सगळं सांग, मोकळी हो’ असं करू नका. अशा एकाच बैठकीत सगळं ओकायला लावण्याचा फायदा होत नाही, आणि ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना तर ते करू नका असंच सांगतात. पहिल्या दिवसांत माणसाला पाणी, कोरडे कपडे, झोप आणि शेजारी कुणीतरी लागतं.

आपण या विषयावर इथे का बोलतोय? कारण आपल्या घरांत हे आहे. श्रीकृष्ण आयोगाने १९९२-९३ च्या मुंबई दंगलीतले मृत्यू मोजले, ९०० भरले. जे वाचले आणि अजून डिसेंबर आला की रात्री उठून कडी तपासतात, त्यांची मोजणी कोण करणार? २४ ऑगस्ट २०२० ला महाडला इमारत कोसळून १६ जण गेले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. या तिन्ही ठिकाणी आपली माणसं होती, आणि अर्थात आपलीच होती असं नाही. यातल्या किती जणांना ढिगारा उपसल्यावर, घर पुसून झाल्यावर कुणी विचारलं, झोप लागते का? बेंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाही. त्यात आपलं तालुक्याचं गाव, त्यात बाई, त्यात मुसलमान बाई. हिशेब तुम्हीच करा.

आता मी तुम्हाला थोडी लांब, इराकला घेऊन जाते. कारण ‘डॉक्टर नाही, वाट नाही, लोक काय म्हणतील’ ही आपली तिन्ही रडगाणी तिथे आपल्यापेक्षा खरी होती, आणि तरी तिथे एक गोष्ट झाली.

२००३ च्या अमेरिकन आक्रमणानंतर इराकची काय अवस्था झाली ते तुम्हाला माहीत आहे. २००६ नंतर शिया-सुन्नी हिंसेने शहरं सोलून काढली. डॉक्टर देश सोडून गेले. मानसोपचार हा शब्द काढणंसुद्धा लाजेचं, आणि रस्त्यावरून दवाखान्यापर्यंत जाणं म्हणजे पुन्हा जीव धोक्यात घालणं. तेव्हा बर्लिनमधल्या छळपीडितांच्या उपचार केंद्राने २००८ च्या सुमारास अरबी भाषेत इंटरनेटवरून उपचार सुरू केले. ख्रिस्टीन क्नेवेल्सरुड या मानसशास्त्रज्ञांनी त्याचं नेतृत्व केलं. उपक्रमाचं नाव काय होतं? ‘इलाज नफ्सी’.

हसू नका, मलाही पहिल्यांदा वाचताना असंच वाटलं होतं. जर्मनीतला प्रकल्प आणि नाव आपल्या दादीच्या तोंडचं. इलाज तर आपण मराठीतही रोज म्हणतो. नफ्स म्हटलं की आपल्याला जुम्म्याचं बयान आठवतं, नफ्सवर काबू ठेवा. अरबीत नफ्स म्हणजे मनही आणि जीवही. तेव्हा इलाज नफ्सी म्हणजे सरळ मानसोपचार. अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान ९३४ साली वारले. त्यांच्या ग्रंथाचं नावच ‘शरीरांचं आणि नफ्सांचं हित’ अशा अर्थाचं आहे. त्यात भीती, शोक, राग, वसवसा यांना वेगळे आजार मानून त्यांचे उपाय लिहिलेत. मनाचा डॉक्टर ही पश्चिमेकडून आलेली फॅशन आहे असं कुणी सांगितलं तर त्यांना हे नाव लिहून द्या.

तर इलाज नफ्सीत काय करायचे? लिहायचे. फोन नाही, व्हिडिओ नाही, चेहरा नाही. पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं बसून लिहायचं. एकूण दहा लेख. दुसऱ्या टोकाला एक प्रशिक्षित माणूस, त्याची मातृभाषा अरबी. तो प्रत्येक लेख वाचून नावानिशी उत्तर पाठवायचा आणि पुढच्या वेळी काय लिहायचं ते सांगायचा. ही पद्धत मुळात नेदरलँड्समध्ये आल्फ्रेड लांग यांनी नव्वदच्या दशकात बसवली होती.

दहा लेखांचे तीन टप्पे होते आणि मला या टप्प्यांवर थोडं रेंगाळायचंय, कारण सगळी किल्ली इथे आहे. पहिल्या टप्प्यात तो प्रसंग लिहायचा. ‘त्या काळात परिस्थिती वाईट होती’ असा वर्तमानपत्री मजकूर नाही. सगळ्यात वाईट क्षण निवडायचा आणि वर्तमानकाळात, ‘मी’ म्हणून लिहायचा. काय दिसतंय, कसला वास येतोय, हात कुठे आहेत. शुद्धलेखनाची पर्वा नाही, वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. तुम्ही म्हणाल, हे तर जखमेवरची खपली काढणं झालं. हो. पण आजार टिकतो तो टाळण्यामुळे. आठवण दाराशी येते, आपण दार लोटतो, तिला कधी पूर्ण आत येऊ देत नाही, म्हणून तिला कधी ‘झालं’ असा शेवटही मिळत नाही. सुरक्षित जागी, ठरलेल्या वेळेत, कुणीतरी सोबत असताना ती पुन्हा पुन्हा पूर्ण सांगितली की अंगाला हळूहळू कळतं: ही आठवण आहे, घटना नाही. भीती चढते आणि उतरतेही. उतरते, हा अनुभव त्या माणसाने कित्येक वर्षांत घेतलेला नसतो.

दुसरा टप्पा मला सगळ्यात आवडतो. त्यात एका काल्पनिक मैत्रिणीला पत्र लिहायचं. तिच्यावर अगदी तुमच्यासारखाच प्रसंग आलाय आणि ती म्हणतेय, माझीच चूक, माझीच बेअब्रू. तिला काय सांगाल? माणूस दुसऱ्याला किती नीट समजावतो! जे स्वतःला वीस वर्षं माफ करू शकला नाही तो मैत्रिणीला लिहितो, अगं तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस. लिहिता लिहिता हात थांबतो. तिसऱ्या टप्प्यात शेवटची पत्रं, कुणा जवळच्याला किंवा स्वतःला: हे घडलं, याने मला असं बदललं, आणि यापुढे मी असं जगणार आहे.

याचा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १५९ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला लगेच उपचार, दुसऱ्याला काही आठवडे थांबून. सहभागींमध्ये स्त्रिया जास्त होत्या. उपचार पूर्ण केलेल्या ४७ पैकी २९ जण या आजाराच्या रेषेबाहेर आले, म्हणजे ६२ टक्के. थांबलेल्या गटात तसा एकच निघाला. आता यातली कच्ची बाजूही बघा. उपचार पूर्ण केलेले ४७ म्हणजे सुरू केलेले पुष्कळ जण मध्येच गळाले. युद्धात वीज जाते, घर बदलतं, आणि वाईट क्षण लिहिणं अवघड असतं. आत्महत्येचा धोका असलेले, भ्रम होणारे, नशेत अडकलेले यांना मुळात घेतलंच नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. तरीही, बॉम्ब फुटत असलेल्या मुलुखात, कुणाचं तोंड न पाहता, दहा लेखांत एवढी माणसं बरी झाली.

मला यातून एक गोष्ट शिकायला मिळाली आणि तीच आज सांगायची आहे. आपण दूरस्थ उपचाराला नेहमी दुय्यम मानतो. डॉक्टर मिळत नाही ना, मग निदान फोन तरी. पण या आजारात अंतर काही वेळा औषधाचं काम करतं. ज्या गोष्टीची लाज वाटते ती समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगणं आणि पडद्याआडून सांगणं यात फरक आहे. माझ्याकडे साठीतले एक चाचा आहेत. ‘मनोविकार’ लिहिलेल्या पाटीखालून ते या जन्मी आत शिरले नसते. फोनवर मात्र तिसऱ्याच आठवड्यात म्हणाले, ‘बेटी, आज वो गलीवाली बात करेंगे.’

पुरावा इराकपुरता नाही. अमेरिकेत १३२ माजी सैनिकांवर हेच पाहिलं गेलं. निम्म्यांना समोरासमोर, निम्म्यांना घरबसल्या व्हिडिओवरून. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की घरबसल्यांचा उपचार समोरासमोरच्यापेक्षा कमी पडला नाही. ब्रिटनमध्ये १९६ जणांवर इंटरनेटवरचा मार्गदर्शित उपचार तपासला, तो अभ्यास २०२२ मध्ये आला. एकाच घटनेतून आलेला, सौम्य ते मध्यम आजार असेल तर तोही समोरासमोरच्या उपचाराच्या तोडीचा ठरला. ‘मार्गदर्शित’ हा शब्द अधोरेखित करा. एकटं ॲप नाही, ॲपच्या मागे माणूस.

मग अडतं कुठे? नेटवर्कला, असं तुम्हाला वाटेल. नाही. आपल्या पोरांकडे रील बघायला नेटवर्क असतं. अडतं ते खोलीपाशी.

आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं ते तासभर, दार लावलेली जागा आणि स्वतःचा फोन. एवढंच लागतं आणि आपल्या घरांत नेमकं हेच नसतं. दोन खोल्यांत सात माणसं. बाईने कानाला इयरफोन लावून दार लोटलं की तिसऱ्या मिनिटाला सासूची हाक, पाचव्या मिनिटाला नवऱ्याचा प्रश्न, ‘किससे बात कर रही?’ अब्बा दुकानातून बोलतात, मध्येच गिऱ्हाईक येतं. मी पेशंटशी गच्चीवरून, न्हाणीघरातून, बंद रिक्षात बसून, शेतातल्या बांधावरून बोलले आहे. एक बाई दर बुधवारी कब्रस्तानाच्या भिंतीला लागून उभी राहून बोलायची, कारण तिथे कुणी फिरकत नाही.

एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि तिने सांगायला परवानगी दिली आहे. वय सव्वीस, कोकणातलं गाव. पुराच्या रात्री ती दादीला घेऊन माळ्यावर होती. पाणी चढलं. पहाटे माळा खचला आणि दादी गेली. त्यानंतर दोन वर्षं पत्र्यावर पाऊस वाजला की ही मुलगी उठून बसायची. जून ते सप्टेंबर रात्रीची झोप नाही. नदीच्या पुलावरून जायचं नाही म्हणून कामाला जाणं सोडलं. घरात एकीकडे ‘सब्र कर’ आणि दुसरीकडे गळ्यात दोन ताविज. सब्र वाईट नाही, पण सब्र हा या मुलीचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षं न झोपता घर चालवणारीला सब्र शिकवणारे आपण कोण?

तिचा धाकटा भाऊ, बारावीतला, त्याने कुठूनतरी माझा नंबर मिळवला. त्याने फार काही केलं नाही. आपला फोन आणि इयरफोन दर रविवारी अकराला बहिणीच्या हातात दिला. ती गच्चीवर, हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पुस्तक घेऊन. कुणी वर निघालं की म्हणायचा, ‘आपा डॉक्टरशी बोलतेय, नंतर.’ खोटं सांगितलं नाही, आवाज चढवला नाही, आणि एकदाही विचारलं नाही की काय बोललीस. या उपचारात प्रसंगाचं वर्णन बोलताना रेकॉर्ड करतात आणि पेशंटने ते घरी रोज ऐकायचं असतं. ते रेकॉर्डिंग भावाच्या फोनवर कसं ठेवणार? त्याने स्वतःचा जुना, सिम नसलेला हँडसेट तिला दिला आणि म्हणाला, याचा पासवर्ड तूच ठेव, मला सांगू नकोस. सतरा वर्षांचं पोरगं!

बारा सेशन झाली. ती रात्र तिने मला किती वेळा सांगितली असेल. सुरुवातीला प्रत्येक वेळी एक वाक्य यायचं, ‘मी तिचा हात सोडला.’ मी वाद घातला नाही. फक्त विचारत राहिले: तुझा हात कुठे होता, पाणी कुठपर्यंत होतं, लाकूड कुठून तुटलं, तेव्हा तुझी बोटं काय करत होती? सातव्या की आठव्या सेशनला सांगता सांगता ती म्हणाली, ‘आणि तिचा हात सुटला.’ मग बराच वेळ फोनवर काहीच नाही. सोडला आणि सुटला. दोन वर्षं या दोन शब्दांमध्ये ती मुलगी अडकून होती. पुढे भावाबरोबर पुलाच्या टोकापर्यंत, मग मध्यापर्यंत, मग एकटीने, असा गृहपाठ झाला. त्या जुलैत ती झोपली. दादीसाठी अजून रडते. ते दुःख आहे, आजार नाही, त्यावर मी काही करत नाही.

फोनवर हे करताना काही काळजी घ्यावीच लागते आणि ती तुम्हाला माहीत असायला हवी, म्हणजे समोरचा थेरपिस्ट नीट आहे की नाही हे तुम्हाला ओळखता येईल. चांगला थेरपिस्ट प्रत्येक वेळी आधी विचारतो, आत्ता कुठे आहेस, जवळ कोण आहे. त्याच्याकडे पत्ता असतो आणि गरज पडली तर फोन करायला घरातलं किंवा बाहेरचं एक विश्वासाचं माणूस. एक खुणेचा शब्द ठरलेला असतो. माझी एक पेशंट ‘साखर संपली’ म्हणते, म्हणजे कुणीतरी आत आलंय, विषय बदला. वर्णनाच्या ऐन मध्यात कॉल तुटला तर काय, हेही आधी ठरतं: उठून उभी राहा, पाय जमिनीला टेकव, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घे, मी दुसऱ्या नंबरवर फोन करते. आणि मारणारा माणूस त्याच घरात राहत असेल तर जुन्या आठवणी उकरायचं काम आम्ही सुरूच करत नाही. आधी सुरक्षितता. त्यासाठी महिलांची १८१ हेल्पलाइन आहे, तातडीला ११२.

आता बाजार. ‘आघात तीन दिवसांत मुळापासून’ असे व्हिडिओ, दर वेळी नवा काउन्सेलर देणारी ॲप्स, व्हॉट्सॲपवर फोटो मागवून पैसे घेऊन ‘असर’ उतरवणारे हजरत. यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर विचारा, रागावले तर दुसरा शोधा. आघातावर कोणती पद्धत वापरता, किती सेशन लागतील, हे विचारा. साधारण आठ ते बारा असं काहीतरी नेमकं उत्तर यायला हवं. नुसती झोपेची गोळी देऊन महिनोन्महिने ठेवत असतील तर प्रश्न विचारा, कारण सवय लावणाऱ्या गोळ्या या आजाराचा इलाज नाहीत. तुम्ही बोललेलं गुपित राहणं हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिलेला हक्क आहे, उपकार नाही.

पैसे नसतील तर? सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही आणि उर्दूतही. हा पूर्ण उपचार नाही, पहिलं दार आहे. तिथून पुढे जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागाकडे पाठवतात. कोकणातल्यांसाठी रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोन करताना ‘टेन्शन आहे’ एवढंच सांगू नका. सांगा: अमुक साली अमुक घडलं, तेव्हापासून झोप नाही, तेच दिसतं, अमुक जागा टाळतो. समोरच्याला लगेच दिशा कळते.

वेळ संपत आलीय, पण एक चिठ्ठी आली आहे, नाव नाही. ‘रमजानमध्ये सेशन आणि गोळ्या बंद ठेवाव्या लागतात का? अम्मी म्हणते रोजा ठेवून असलं काही आठवू नये.’

नाही, बंद ठेवायची गरज नाही. सेशनची वेळ बदलून घ्या. माझे काही पेशंट तरावीहनंतर बोलतात, काही सकाळी दहाच्या सुमारास, जेव्हा अंगात ताकद असते. असरनंतरची वेळ मी स्वतः टाळते, उपाशीपोटी अवघड वर्णन झेपत नाही. झोप तुटते म्हणून त्या महिन्यात काही जणांची स्वप्नं वाढतात, ते आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. या आजारात देतात त्यातल्या बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात, त्या इफ्तारला घ्यायच्या की सहरीला हे डॉक्टर ठरवून देतील. फक्त स्वतःहून तोडू नका, अचानक तोडल्या की चक्कर, घबराट होते आणि मग सगळे म्हणतात बघा, आजार परत आला. आणि अम्मींना माझा नंबर द्या. सध्या त्यांची स्वतःची झोप कशी आहे, तेही मला विचारायचंय.